घटक ४ : योसा बुसोन – चित्र आणि हायकू यांच्यामधील जागा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• योसा बुसोन या जपानी कवी-चित्रकाराचा जीवनपट सांगता येईल.
• 'हाइगा' म्हणजे काय आणि त्यात चित्र व कविता यांचे नाते कसे असते, हे स्पष्ट करता येईल.
• ऋतुशब्द, छेदशब्द आणि मोरागणना या संकल्पना मराठीच्या संदर्भात समजून घेता येतील.
• आपल्या परिसरातील एखाद्या दृश्याचे छायाचित्र आणि त्याला जोडून एक हायकू, अशी रचना करून पाहता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हायकू हा काव्यप्रकार आपल्याला परका राहिलेला नाही. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी तो मराठीत रुजवला आणि त्यांच्यामागून अनेकांनी तो हाताळला. आज हातात मोबाइल असलेला कोणीही एखादे दृश्य टिपतो, त्याखाली तीन ओळी लिहितो आणि मित्रमंडळींना पाठवतो. आपणही हे केले असेल. महाडच्या बाजारपेठेतून किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून आपण या अभ्यासक्रमाला आला असाल, तर आषाढातला घाट आणि भाताची खाचरे आपल्या मोबाइलमध्ये नक्की असतील.

मात्र अशा रचनांमध्ये एक अडचण वारंवार दिसते. छायाचित्रात धबधबा असतो आणि खालच्या तीन ओळींतही धबधबाच असतो. जे डोळ्यांनी पाहिले तेच शब्दांनी पुन्हा सांगितले जाते, आणि त्यामुळे दोहोंपैकी एक गोष्ट अनावश्यक ठरते. मग चित्राशेजारी कवितेने उभे राहायचे ते कशासाठी आणि किती अंतरावर?

अठराव्या शतकात जपानमधील एका माणसाने आपले सारे आयुष्य याच प्रश्नाच्या सहवासात घालवले. तो पोटासाठी चित्रे काढत होता आणि कविताही लिहीत होता. त्याचे नाव योसा बुसोन. बाशो, बुसोन, इस्सा आणि शिकी ही हायकूच्या इतिहासातील चार प्रमुख नावे मानली जातात. त्यांपैकी बाशोचा परिचय मराठी वाचकाला थोडाफार असतो, बुसोनचा क्वचितच असतो. या घटकात आपण त्याचे जीवन पाहू आणि शेवटी त्याच्या कलेतून आपल्या उपक्रमासाठी काय घेता येईल, याचा विचार करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ केमा ते एदो

बुसोनचा जन्म १७१६ साली ओसाकाजवळच्या केमा या खेड्यात झाला. हे खेडे योदो नदीच्या काठी वसलेले होते. नदीला उंच बांध होता, आणि मुले त्या बांधावर खेळत. बुसोनच्या बालपणाविषयी आपल्याला निश्चितपणे सांगता येते ते जवळजवळ एवढेच. पुढे तो विपुल पत्रे लिहिणारा माणूस झाला, परंतु आईवडील, घर आणि गाव यांविषयी त्याने कमालीचे मौन पाळले. विशीच्या सुमारास त्याने गाव सोडले. केमा हे क्योटोपासून फार दूर नाही आणि तेथे नदीमार्गे सहज जाता येत असे. तरीही उत्तरायुष्यातील तीन दशके क्योटोत काढणारा हा माणूस गावी परतून राहिला नाही. हे मौन लक्षात ठेवा. त्याच्या सर्वांत मोठ्या रचनेचे मूळ तेथे आहे.

गाव सोडून तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पोहोचला. तेथे हायानो हाजिन हा गुरू त्याला भेटला. बाशोच्या प्रत्यक्ष शिष्यांकडून हाजिनने काव्याचे धडे घेतले होते, त्यामुळे बुसोन हा बाशोच्या परंपरेतला पणतूशिष्य ठरतो. हाजिनच्या घराचे नाव 'याहानतेई', म्हणजे मध्यरात्रीची कुटी, असे होते. बुसोन गुरूच्या घरीच राहू लागला.

त्या काळी 'हायकू' हा शब्द रूढ नव्हता, ही बाब येथे नोंदवून ठेवा. अनेक कवी एकत्र बसून एकामागून एक कडवी रचत आणि त्यांची साखळी गुंफत. या साखळीच्या पहिल्या कडव्याला 'होक्कू' म्हणत. हे पहिले कडवे स्वतंत्रपणे उभे राहू शकते, हे बाशोने सिद्ध केले. 'हायकू' हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी याने दिले. या घटकात आपण सोयीसाठी सर्वत्र 'हायकू' असेच म्हणू.

४.२.२ भ्रमंतीची वर्षे

१७४२ साली हाजिनचा मृत्यू झाला. गुरूचे घर हेच ज्याचे घर होते, त्या सव्वीस वर्षांच्या शिष्यापुढे आता कोणताच पत्ता उरला नाही. बुसोन एदोच्या उत्तरेला युकी या गावी एका स्नेह्याकडे गेला आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे त्या प्रदेशात हिंडत राहिला. १६८९ साली बाशोने ईशान्य जपानची जी प्रसिद्ध पायी यात्रा केली, तिच्या वाटाही त्याने तुडवल्या. कुणाच्या घरी मुक्काम करावा, यजमानाला चित्र काढून द्यावे आणि पुढे निघावे, असा त्याचा क्रम होता. १७४४ साली उत्सुनोमिया येथे त्याने नववर्षानिमित्त एक छोटी काव्यपुस्तिका संपादित केली. 'बुसोन' हे नाव त्याने तेथे प्रथम वापरले.

या दशकात त्याने लिहिले थोडे, पाहिले मात्र पुष्कळ. चित्रकलेचे कोणतेही घराणे त्याच्या पाठीशी नव्हते. चिनी चित्रांच्या छापील संग्रहांवरून आणि मिळतील त्या मूळ चित्रांवरून तो स्वतःच शिकत होता. नोकरी सांभाळून, रात्री पुस्तक उघडून शिकणाऱ्या आपणांस हे शिक्षण अपरिचित वाटणार नाही.

४.२.३ क्योटोतील चित्रकार

१७५१ साली बुसोन क्योटोला आला. पुढे १७५४ ते १७५७ ही तीन वर्षे त्याने समुद्रकाठच्या तांगो प्रांतात, मियाझू येथील एका मंदिरात राहून चित्रे काढण्यात घालवली. परतल्यावर त्याने 'योसा' हे आडनाव धारण केले. योसा हे तांगोमधील एका भागाचे नाव आहे. जन्मगावाविषयी न बोलणाऱ्या माणसाने दुसऱ्या एका प्रदेशाचे नाव आपल्या नावापुढे लावून घेतले, हे लक्षणीय आहे.

वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास त्याने विवाह केला आणि त्याला कुनो नावाची मुलगी झाली. आता संसार आला आणि संसाराचा खर्चही आला. हायकूवर कुणाचे पोट भरत नसे, चित्रावर भरत असे. रेशमावर मोठी चित्रे काढायची तर रेशीम महाग. म्हणून त्याच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा करून त्याच्याकडून घडीच्या पडद्यांवरील चित्रे करवून घेण्याची एक व्यवस्था उभी केली. आपल्याकडच्या भिशीची आठवण करून देणारी ही रीत होती. १७६६ ते १७६८ या काळात तो शिकोकू बेटावरील सानुकी प्रांतात जाऊन-येऊन चित्रांची कामे करत होता. १७६८ साली क्योटोतील नामवंतांची जी यादी छापली गेली, तिच्यात बुसोनचे नाव चित्रकारांच्या विभागात आहे. १७७१ साली त्याने इके नो ताइगा या समकालीन चित्रकारासह चित्रांचा एक जोडसंग्रह केला. ताइगाने ग्रामीण निवासातील दहा सोयी रंगवल्या, बुसोनने तेथील दहा आनंद रंगवले. हा संग्रह आज जपानमध्ये राष्ट्रीय ठेवा मानला जातो.

याच काळात तो काव्याकडे पुन्हा जोमाने वळला. १७६६ मध्ये त्याने क्योटोत एक काव्यमंडळ स्थापन केले आणि १७७० मध्ये गुरूचे 'याहानतेई' हे नाव वारसा म्हणून स्वीकारले. त्या वेळी तो ५४ वर्षांचा होता. प्रौढ वयात अभ्यासाकडे परतलेल्या वाचकाने हा आकडा अवश्य ध्यानात ठेवावा.

४.२.४ हाइगा : चित्र आणि कविता एकाच कागदावर

आता आपण या घटकाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. 'हाइगा' म्हणजे हायकूच्या वृत्तीने काढलेले, बहुधा हायकूसह असलेले चित्र. मोजक्या रेषा, थोडासा रंग, पुष्कळ कोरा कागद आणि त्याच कुंचल्याने, त्याच शाईने लिहिलेली कविता, असे त्याचे रूप असते. बाशोनेही अशी चित्रे काढली होती. बुसोनने मात्र हा प्रकार परिपक्व केला. या कामात देशात आपली बरोबरी करणारा कुणी नाही, असे त्याने एका पत्रात निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे.

हाइगातील चित्र आणि कविता यांचे नाते समजण्यासाठी हायकूच्या अंतर्रचनेकडे पाहावे लागते. हायकूत पाच, सात आणि पाच असे सतरा घटक असतात. मराठीत त्यांना सरसकट 'अक्षरे' म्हटले जाते, परंतु जपानी भाषेत मोजला जातो तो 'मोरा', म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या काळाचा एकक. 'ओसाका' या शब्दातील पहिला स्वर जपानीत दीर्घ असल्यामुळे त्यात तीन नव्हे, चार मोरा मोजतात. 'निप्पोन' या शब्दातही नि, द्वित्वाचा अर्धा प्, पो आणि अन्त्य न् असे चार मोरा होतात. आपल्या छंदःशास्त्रात याच्या जवळची कल्पना अक्षराची नसून मात्रेची आहे. म्हणूनच मराठी कवींनी सतरा अक्षरांचा हिशेब काटेकोर न पाळता तीन छोट्या ओळींचा आकार स्वीकारला, हे भाषेच्या दृष्टीने योग्यच झाले.

आकाराहून महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली 'किगो', म्हणजे ऋतुशब्द. एक शब्द येतो आणि त्याच्यासोबत संपूर्ण ऋतू येतो. दुसरी 'किरेजी', म्हणजे छेदशब्द. 'या', 'काना', 'केरी' यांसारखे हे शब्द कवितेला एका ठिकाणी कापतात आणि तिचे दोन भाग शेजारी-शेजारी ठेवतात. त्या दोन भागांचा संबंध कवी सांगत नाही, वाचक जोडतो. मराठीत असा ठरीव छेदशब्द नसल्याने हे काम ओळ तोडून किंवा विरामचिन्हाने करावे लागते.

बुसोनच्या हाइगात हाच छेद कवितेतून बाहेर पडून चित्र आणि शब्द यांच्यामध्ये येऊन बसतो. चित्र एक भाग सांगते, कविता दुसरा सांगते, आणि मध्ये कोरा कागद असतो. चित्र कवितेची सजावट करत नाही आणि कविता चित्राचे वर्णन करत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १७७८–७९ च्या सुमारास त्याने केलेल्या बाशोच्या प्रवासवर्णनाच्या प्रती. त्याने बाशोचा संपूर्ण मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरात लांब पटांवर आणि घडीच्या पडद्यावर उतरवून काढला व मध्ये मध्ये चित्रे घातली. हा ग्रंथ प्रसिद्ध निसर्गस्थळांनी भरलेला आहे. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने तेथे डोंगर, समुद्र आणि बेटे रंगवली असती. बुसोनने मुख्यतः माणसे रंगवली : निरोप देणारे मित्र, वाटेतले यजमान, घोड्यामागून धावणारी लहान मुलगी. त्यांच्यामागे पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. निसर्ग बाशोच्या शब्दांत आधीच होता, तेव्हा त्याने तो पुन्हा काढला नाही.

४.२.५ बांधावरची वाट

१७७६ च्या अखेरीस कुनोचा विवाह झाला. घर रिकामे झाले. त्यानंतर लगेच, १७७७ च्या नववर्षारंभी, बुसोनने एक छोटा संग्रह छापला. त्यातील एक रचना जपानी काव्यात अनन्य मानली जाते. तिचे नाव 'शुनपू बातेई क्योकु', म्हणजे वसंतवारा आणि घोड्याचा बांध यांचे गीत. अठरा छोट्या तुकड्यांची ही रचना आहे. काही तुकडे हायकू आहेत, काही चिनी वळणाच्या ओळी आहेत, काही मुक्त जपानी ओळी आहेत.

विषय साधा आहे. त्या काळी शहरात घरकामाला राहिलेल्या मुलामुलींना वर्षातून दोनदा, पहिल्या आणि सातव्या महिन्यांत, गावी जाण्याची सुटी मिळे. अशीच एक मुलगी ओसाकाहून योदो नदीच्या बांधावरून आपल्या गावाकडे चालली आहे. वाटेत चहाचे दुकान लागते, रानफुले लागतात, बालपण आठवते. शहराने तिला दिलेल्या चालीरीती आणि गावाने दिलेली माया यांची ओढाताण तिच्या मनात चालू आहे. संध्याकाळी घर दिसू लागते.

पोलादपूरच्या वाचकाला या कवितेसाठी तळटीप लागणार नाही. शिमगा आणि गणपती या दोन सणांना मुंबईहून येणारा चाकरमानी, महामार्गावर उतरून बांधाबांधाने वाडीकडे जाणारी त्याची वाट, आणि ओटीवर वाट पाहत बसलेली म्हातारी माणसे, हे सारे आपण पाहिलेले आहे. काहींनी ते दोन्ही बाजूंनी अनुभवलेले आहे.

हा बांध केमाचाच आहे, लहानपणी आपण मित्रांसह त्यावर खेळत होतो, हे बुसोनने त्या सुमाराच्या एका पत्रात सांगितले. चाळीसहून अधिक वर्षांचे मौन तेथे सुटले, आणि सुटले तेही स्वतःच्या तोंडून न बोलता एका मोलकरणीच्या पावलांनी. रचनेचा शेवट आणखी विचार करायला लावणारा आहे. शेवटचे कडवे बुसोनचे नाही. ते तान ताइगी या त्याच्या दिवंगत मित्राचे आहे, आणि बुसोनने ते उघडपणे त्याच्या नावानिशी घेतले आहे. मुलीला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणल्यावर पुढचे शब्द त्याने मित्राकडून उसने घेतले.

काही महिन्यांतच कुनोचे सासर नीट नाही असे दिसून आले आणि १७७७ मध्येच बुसोनने मुलीला परत घरी आणले. पैशाकडे पाहणाऱ्या त्या घराविषयीची नाराजी त्याच्या पत्रांत आहे. स्वतः कधी माहेरी न परतलेल्या बापाने मुलीसाठी मात्र दार उघडे ठेवले.

४.२.६ टेकडीवरची कुटी आणि बागेचा धडा

क्योटोच्या ईशान्येला कोनपुकुजी नावाचे छोटे मंदिर आहे. बाशोशी नाते सांगणारी एक कुटी तेथे पूर्वी होती, ती पडली होती. १७७६ मध्ये बुसोन आणि त्याच्या मित्रांनी ती पुन्हा उभारण्याचा संकल्प केला आणि पुढील काही वर्षांत तो पुरा झाला. मंदिरापुढे पांढरी वाळू आणि छाटलेली झुडपे यांची लहानशी बाग आहे. मागच्या उतारावर गवती छपराची ती कुटी आहे.

जपानी बागेची काही तत्त्वे येथे समजून घेणे उपयुक्त ठरेल, कारण हाइगाची दृष्टी त्यांच्याशी जुळते. पहिले तत्त्व रिकाम्या जागेचे. वाळूचा कोरा पट्टा पाण्याची जागा घेतो, पाणी मात्र पाहणाऱ्याने मनात आणायचे असते. दुसरे तत्त्व दडवण्याचे. पायवाट अशी वळवलेली असते की संपूर्ण बाग एका जागेवरून दिसू नये. तिसरे तत्त्व 'शाक्केई', म्हणजे उसने दृश्य. बागेच्या हद्दीबाहेरचा डोंगर किंवा इमारत तिच्या रचनेत सामावून घेतली जाते. ओकायामा शहरातील कोराकुएन या प्रसिद्ध बागेत शेजारचा किल्ला आणि पलीकडची टेकडी अशीच उसनी घेतलेली आहे. याच कोराकुएनच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभे आहे. पुण्यास जाणे झाले तर ही तत्त्वे तेथे प्रत्यक्ष पाहता येतील.

या दृष्टीने पाहिल्यास, मित्राचे कडवे आपल्या रचनेच्या शेवटी बसवणे ही बुसोनने शब्दांत केलेली शाक्केईच म्हणता येईल.

४.२.७ अखेर आणि पुनःशोध

१७८३ च्या उत्तरार्धात बुसोन आजारी पडला. चांद्र पंचांगानुसार त्या वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पहाटे, म्हणजे आपल्या आजच्या कालगणनेनुसार १७ जानेवारी १७८४ रोजी, त्याचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्याने तीन हायकू सांगितले आणि गेक्केई या शिष्याने ते उतरवून घेतले. हाच शिष्य पुढे 'गोशुन' या नावाने मोठा चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाला. बुसोनची समाधी कोनपुकुजीच्या टेकडीवर, त्या कुटीच्या सान्निध्यात आहे.

त्यानंतर शंभरेक वर्षे लोकांनी त्याला चित्रकार म्हणून स्मरणात ठेवले, कवी म्हणून फारसे ठेवले नाही. १८९७ साली शिकीने त्याच्यावर विस्तृत लेखमाला लिहिली आणि बुसोनला बाशोच्या बरोबरीचे स्थान दिले. शिकीला त्याच्यात आढळले ते स्वच्छ, वस्तुनिष्ठ, चित्रासारखे पाहणे. पुढे १९३६ साली हागिवारा साकुतारो या कवीने बुसोनवर ग्रंथ लिहिला आणि त्याला घरओढीचा कवी ठरवले. पहिल्याने त्याच्यातला डोळा पाहिला, दुसऱ्याने त्या डोळ्यामागचे हरवलेले गाव पाहिले. आपण या घटकात पाहिले त्यावरून दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूरक आहेत, हे ध्यानात येईल.

४.२.८ कुंचल्याऐवजी कॅमेरा

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला. बुसोनला जाऊन तेव्हा ५५ वर्षे झाली होती. आज जपानमध्ये आणि अन्यत्र छायाचित्र व हायकू एकत्र मांडण्याचा प्रकार रूढ आहे आणि त्याला हाइगाचाच आधुनिक अवतार मानता येते. परंतु एक फरक विसरू नये. कुंचला हवे तेवढेच काढतो, कॅमेरा समोरचे सारे टिपतो. कोरा कागद येथे आयता मिळत नाही. तो चौकट निवडून मिळवावा लागतो, आणि चित्रात जे आले ते शब्दांतून वगळून राखावा लागतो.

आपल्या परिसरातील चार दृश्यांवर हे पडताळून पाहू.

(१) लावणीचे खाचर. इरले घेऊन वाकलेली स्त्री छायाचित्रात आहे. तेव्हा तिचे वाकणे, चिखल आणि पाऊस शब्दांत नकोत. त्या घटकेला ती कशाचा विचार करत असेल, घरात कोण आहे, कोण नाही, यांपैकी एखादी चौकटीबाहेरची गोष्ट हायकूत येऊ शकते. माणसाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, हेही येथे सांगणे आवश्यक आहे.

(२) बंद घर. वाडीतील कौलारू घराच्या दाराला कुलूप आहे. छायाचित्राने कुलूप दाखवले की हायकूने विरहाचे नाव घेऊ नये. 'शिमगा' हा एकच ऋतुशब्द पुरेसा होईल, कारण ते दार केव्हा उघडते, हे वाचकाला ठाऊक आहे.

(३) सावित्रीचे पाणी. महाबळेश्वराहून उतरून पोलादपूर आणि महाड यांच्या अंगाने वाहणारी ही नदी इतरांसाठी निसर्गदृश्य असेल. ज्यांनी जुलै २०२१ चा महापूर पाहिला, त्यांच्यासाठी 'आषाढ' या शब्दाला दुसरा अर्थ आला आहे. येथे किगोची ताकद दिसते. ऋतुशब्द कोशात असतो तसा तो लोकांच्या आठवणीतही घडत असतो.

(४) चवदार तळे. जपानी परंपरेत 'उतामाकुरा' नावाची संकल्पना आहे. काही स्थळांची नावेच अशी असतात की ती उच्चारताच पूर्वीचा इतिहास आणि पूर्वीची कविता जागी होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली ज्या तळ्याचे पाणी माणसांनी ओंजळीत घेतले, ते तळे मराठी भाषेसाठी असेच स्थळनाम आहे. तळ्याचे शांत पाणी छायाचित्रात असताना हायकूने सत्याग्रहाचा वृत्तान्त सांगण्याची गरज नाही. पाण्यावर वाकलेला आजचा एक हात दाखवला तरी उरलेले वाचक जाणतो.

या चारही उदाहरणांत एकच सूत्र आहे : जे दिसते त्याला शब्दांची गरज नसते, आणि जे सांगायला जड जाते त्याला चित्र आणि शब्द यांच्यामधली जागा लागते. बुसोनला केमा सांगायला चाळीसहून अधिक वर्षे लागली, आणि ते त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी वाटेवरून सांगितले. आपल्यापाशीही असे एखादे गाव, घर किंवा माणूस असेल. उपक्रमासाठी विषय शोधताना दूर जाऊ नये, असे सुचवावेसे वाटते.

४.३ सारांश

योसा बुसोन (१७१६–१७८४) हा केमा येथे जन्मलेला कवी-चित्रकार होय. हाजिनच्या मृत्यूनंतर त्याने दीर्घ भ्रमंती केली, १७५१ पासून क्योटोत चित्रकार म्हणून उपजीविका केली आणि १७७० मध्ये गुरूचा काव्यवारसा स्वीकारला. हाइगा हा प्रकार त्याने परिपक्व केला. हायकूच्या आतील छेद त्याने चित्र आणि कविता यांच्यामध्येही राखला, त्यामुळे त्याच्या कलेत दोन्ही माध्यमे एकमेकांची पुनरुक्ती करत नाहीत. १७७७ च्या बांधावरील दीर्घ रचनेत त्याची घरओढ अप्रत्यक्षपणे प्रकटली. शिकीने १८९७ मध्ये त्याचे कवी म्हणून महत्त्व प्रस्थापित केले. रिकामी जागा, दडवणूक आणि उसने दृश्य ही जपानी बागेची तत्त्वे छायाचित्र-हायकूच्या रचनेतही उपयोगी पडतात.

४.४ स्वाध्याय

(अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. 'मोरा' आणि मराठी छंदःशास्त्रातील 'मात्रा' यांतील साम्य सोदाहरण सांगा.
२. बाशोच्या प्रवासवर्णनाच्या प्रतींमध्ये बुसोनने मुख्यतः माणसेच का रंगवली असावीत?

(आ) सविस्तर उत्तर लिहा.
१. बुसोनच्या जीवनातील 'गाव' आणि त्याच्या काव्यातील 'गाव' यांचा संबंध स्पष्ट करा.

(इ) क्षेत्रकार्य
आपल्या वाडीतील किंवा शहरातील एका ठिकाणी एकाच ऋतूत तीन वेळा जा. दरवेळी एकच छायाचित्र घ्या. तिसऱ्या भेटीनंतर त्यांपैकी एक निवडा आणि छायाचित्रात जे जे दिसते त्याची यादी करा. आता त्या यादीतील एकही शब्द न वापरता तीन ओळींचा हायकू लिहा. छायाचित्र, यादी आणि हायकू हे तिन्ही संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणा. आपल्या सहाध्यायाला प्रथम केवळ छायाचित्र दाखवा, मग केवळ हायकू वाचून दाखवा, आणि शेवटी दोन्ही एकत्र ठेवा. तिसऱ्या वेळी त्याला पहिल्या दोन वेळांहून काही अधिक जाणवले का, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.